कुडाळात गेम-आर्ट स्टुडिओ सुरू करताना

चार-पाच कलाकारांना घेऊन आपण कुडाळात व्हिडिओ गेमसाठी चित्रे आणि त्रिमितीय मॉडेल घडवणारा स्टुडिओ उभा करत आहात, याचा आनंद आहे. सुरुवातीला फार नियम करू नयेत. पुढील तीन मात्र मोडू देऊ नयेत.

१. फाइलींची नावे, फोल्डरची रचना आणि टेक्स्चरची, म्हणजे मॉडेलच्या पृष्ठभागावर चढवायच्या चित्रांची, मापे (१०२४ की २०४८ पिक्सेल) एका पानावर लिहून भिंतीवर लावा. ‘फायनल_२_नवीन’ अशी फाइल दिसली की चुकीचे मॉडेल ग्राहकाकडे गेलेच म्हणून समजा.

२. रोज ठरलेल्या वेळी सर्वांचे अपुरे काम मोठ्या पडद्यावर पाहा. ढोबळ ब्लॉकआउट (साध्या ठोकळ्यांतून उभा केलेला आराखडा) मंजूर होण्याआधीच बारकाव्यांत शिरणे ही नवशिक्यांची सर्वांत महागडी चूक असते. देवळाची कौले कोरण्यात तीन दिवस घालवल्यावर दीपमाळ गेममधील पात्राच्या मानाने बुटकी असल्याचे लक्षात येते. ‘आवडले नाही’ एवढ्यावर न थांबता प्रमाण, छायाप्रकाश की बाह्याकृती, नेमके काय खटकते ते सांगण्याची सवय लावा, आणि आपण स्वतः सर्वांत शेवटी बोला, कारण कनिष्ठ मंडळी मालकाचा चेहरा पाहूनच मत बनवतात.

३. आठवड्यातील एक दुपार ग्राहकाच्या कामातून मोकळी ठेवा, आसपासची कला पाहण्यासाठी. पिंगुळीची चित्रकथी (चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला) आणि सावंतवाडीची गंजिफा (हाताने रंगवलेले खेळाचे पत्ते) हाकेच्या अंतरावर असताना सर्वांनी त्याच त्या परदेशी संदर्भचित्रांवर विसंबणे मला तरी पटत नाही.

पावसाळ्यात वीज जाणारच, तेव्हा यूपीएस आणि रोजचा बॅकअप हवाच. गणेश चतुर्थीच्या आठवड्यात काम पोहोचवण्याचे वचन कोणालाही देऊ नका. स्वयंचलित पाइपलाइनचा, म्हणजे काम एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात आपोआप नेणाऱ्या व्यवस्थेचा, विचार तूर्त बाजूला ठेवावा.