जाहिरातीतला चेहरा आणि आपला बस्ता

गेल्या अंकात लग्नसराईच्या कपड्यांवर लिहिलं होतं, त्यावर पत्रं-मेसेज भरपूर आले आणि बहुतेकांचा विषय एकच, हिरो-हिरोईन आणि क्रिकेटर लोकांच्या कपड्यांच्या जाहिराती. त्यातली चार पत्रं इथे घेतलीत. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी सांगितलंय म्हणून कुणाचंच छापत नाही.

ताई, माझा मुलगा पीयूसी फर्स्ट इयरला, म्हणजे अकरावीला आहे. त्याला एका क्रिकेटरच्या ब्रँडचाच टीशर्ट पाहिजे. बेळगावच्या खडेबाजारात तसलाच अडीचशे-तीनशेला मिळतोय आणि हा हजाराच्या वरचा मागूलालाय. त्याचे बाबा म्हणतात, पैसे तोंडाचे घेतात. खरंच कापड चांगलं असतं की नुसतं तोंडच? (एक आई, खानापूर तालुका)

कापडही असतं आणि तोंडही असतं, म्हणून आधी दोन्ही वेगळं करून बघूया. कापड बघायचं तर टीशर्ट उलटा करून आतलं लेबल वाचा, कॉटन किती टक्के आणि पॉलिस्टर किती ते तिथे असतं. ऑनलाईन असेल तर बऱ्याचदा जीएसएम पण लिहिलेला असतो, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम ते. साधारण १६० ते २०० च्या मधला टीशर्ट रोज वापरायला बरा. मग शिलाई दुहेरी आहे का, खांद्याच्या आतून पट्टी लावलीय का ते बघा आणि कापड थोडं ताणून सोडा, लगेच जागेवर येतं का. आपल्या देशातले होजियरीचे कपडे फार मोठ्या प्रमाणात तमिळनाडूतल्या तिरुप्पूरमध्ये बनतात, महागडे पण आणि स्वस्तातले पण, त्यामुळे किमतीवरून कापड ओळखायला जाऊ नका. खडेबाजारातला तीनशेचा टीशर्ट या सगळ्यात पास झाला तर तो चांगलाच आहे, आणि नाही झाला तर मुलाचं म्हणणं थोडं खरं आहे असं कबूल करा.

आता तोंडाचं. येल विद्यापीठातल्या हॉव्हलंड आणि वाइस या दोघांनी १९५१ साली दाखवलं होतं की तोच मजकूर भरवशाच्या माणसाच्या नावावर वाचायला दिला की लोकांना जास्त पटतो. पण चार आठवड्यांनी तो फरक उरत नाही, कारण कुणी सांगितलं आणि काय सांगितलं यांची मनातली जोडी सुटते आणि सांगितलेलं तेवढं डोक्यात राहतं. पुढे १९८९ मध्ये ग्रँट मॅक्रॅकन या अभ्यासकाने मांडलं की त्या प्रसिद्ध माणसाबद्दल आपल्या मनात जे काही असतं, जिद्द, फिटनेस, रुबाब, ते आधी वस्तूवर चढतं आणि वस्तू घेतली की ते आपल्याकडे आलं असं वाटतं. तुमच्या मुलाला पाहिजे आहे ते हे. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला कॉलेजच्या गेटवर मित्रांच्यात आपण कमी नाही हे वाटणं फार मोठी गोष्ट असते, त्याला फालतू म्हणू नका प्लीज.

मात्र त्याला एक गोष्ट शांतपणे दाखवा. आपण महाराष्ट्र-कर्नाटकाच्या बॉर्डरवर राहतो म्हणून आपल्याला ती सहज दिसते. कल्याण ज्वेलर्सच्या जाहिरातीत देशभर अमिताभ बच्चन, कर्नाटकात शिवराजकुमार आणि महाराष्ट्रात पूजा सावंत. दुकान तेच, सोनं तेच, चेहरा मात्र नकाशा बघून बदलतो, आणि आपल्याकडे मराठी चॅनेल आणि कन्नड चॅनेल दोन्ही लागतात म्हणून दोन्ही चेहरे घरात येतात. कपड्यांच्या कंपन्या पण असाच हिशोब करतात, कुठल्या वयाच्या, कुठल्या भागातल्या गिऱ्हाईकाला कोण आवडतो. शिवाय काही ब्रँड तर त्या स्टारच्याच नावावर उभे केलेत, हृतिक रोशनचा एचआरएक्स २०१३ चा, विराट कोहलीचा रॉन्ग २०१४ चा, म्हणजे तिथे तो कपड्याची शिफारस करणारा कुणी तिऱ्हाईत माणूस नसतोच. हे कळलं म्हणून मुलाची आवड जाणार नाही आणि जायची गरजही नाही. तुम्ही घरातून साध्या चांगल्या टीशर्टचे पैसे द्या, वरचा फरक त्याने पॉकेटमनीतून साठवून घालावा. स्वतःचे सातशे रुपये घालायची वेळ आली की तो आपणच ठरवेल त्या नावाची किंमत त्याला किती वाटते ते, आणि घेतलाच तर घेऊदे, मनापासून घालेल.

मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे. आम्ही बस्ता इचलकरंजी-कोल्हापूरला बांधतो, घरात तेच चालत आलंय. पण मुलीला फिक्या रंगाचा लेहंगा पाहिजे आणि जावईबापूंना शेरवानी, सगळं मोबाईलवर बघून ठरवलंय. शालूचं जे बजेट होतं त्याच्या तिप्पट होतंय. नाही म्हटलं की मुलगी गप्प बसते. (एक वधूपिता, निपाणी)

काका, तुमची अडचण ज्या घरात लग्न आहे त्या जवळजवळ प्रत्येक घरात ऐकते. हे फिक्या रंगाचं कुठून आलं बघा. २०१७ मध्ये विराट आणि अनुष्का मान्यवर या लग्नाच्या कपड्यांच्या ब्रँडच्या जाहिरातीत मित्राच्या लग्नात एकमेकांना वचनं देताना दिसले, आणि त्याच वर्षी ११ डिसेंबरला इटलीत त्यांचं खरं लग्न झालं, त्यात अनुष्काचा फिका गुलाबी लेहंगा होता. तो लेहंगा डिझायनर सब्यसाची मुखर्जीचा, जाहिरातवाल्या कंपनीचा नव्हेच, पण बघणाऱ्यांच्या डोक्यात जाहिरातीतलं लग्न आणि खरं लग्न एकच होऊन गेलं. मग फिक्या रंगांची लाटच आली, मोठ्या शोरूमपासून बेळगावच्या गणपत गल्लीतल्या दुकानांपर्यंत.

मला सगळ्यात जास्त लागतं ते हेच. जाहिरातीने तो ब्रँड किती विकला हा त्या कंपनीचा प्रश्न, पण नवरी म्हटली की अशीच दिसायची हे ती सगळ्यांसाठी ठरवून टाकते, ज्यांनी त्या कंपनीचं एक सूत घेतलेलं नाही त्यांच्यासाठी पण, आणि मग शालूत उभी राहिलेली पोरगी स्वतःच्या लग्नात आपण जुनाट दिसतोय का म्हणून मनात खट्टू होते. आपल्याकडे नवरदेव धोतर-कोट-फेट्यात किंवा साध्या सुटात उभा राहायचा, आता शेरवानी नसली तर पाहुणे विचारतात. हे तुमच्या मुलीने केलेलं नाही, तिच्यावर चिडू नका.

तिला घेऊन बसा आणि पूर्ण बजेटचा आकडा सांगा, लपवू नका, आणि त्यात तिने काय कुठे घालायचं ते तिलाच ठरवू द्या. शेरवानी भाड्याने मिळते, एका दिवसासाठी विकत घेण्यात काही अर्थ नाही. लेहंगा रिसेप्शनला भाड्याचा आणि अक्षतांना शालू असं बरीच घरं करतात. तिला फिका रंग आवडतो तर फिक्या रंगाचा शालू पण मागवता येतो, दुकानदाराला आधी सांगून ठेवा. आणि इरकल साडी एकदा तरी तिला नेसवून बघा, चांगली, रेशमी पदराची. लग्नानंतर दहा कार्यक्रमांना नेसता येईल असं काहीतरी बस्त्यात असलं पाहिजे, लेहंग्याचं तसं होत नाही. कर्ज मात्र कपड्यासाठी काढू नका, हे मी हात जोडून सांगते.

इन्स्टावर एका प्रसिद्ध बाईंनी प्युअर सिल्क म्हणून दाखवलेली साडी मागवली, साडेचार हजार दिले. आली ती सरळ पॉलिस्टर. विकणारा फोन उचलत नाही. त्या बाईंवर काही करता येतं का? (शहापूर, बेळगाव)

येतं. आधी खात्री करून घ्या, पदराच्या कडेचे दोन-चार धागे काढून जाळा. खऱ्या रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरगळते, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. साडी तशीच ठेवा, धुवू नका, आणि त्या रीलचं स्क्रीन रेकॉर्डिंग आजच करा कारण असल्या रील डिलीट व्हायला वेळ लागत नाही. पेमेंटची पावती, चॅट, पार्सलवरचं लेबल सगळं एकत्र ठेवा.

आता कायदा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २१ प्रमाणे खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कंपनीला आणि जाहिरात करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीलाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तसंच केलं तर ५० लाखांपर्यंत, आणि जाहिराती करायला पहिल्यांदा १ वर्षापर्यंत, नंतर ३ वर्षांपर्यंत बंदी. वस्तूची नीट खातरजमा करून मगच जाहिरात केली हे त्या व्यक्तीने दाखवलं तर ती सुटते. हा दंड केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण लावतं आणि तो तुम्हाला मिळत नाही, तुमचे साडेचार हजार परत मिळवायची वाट वेगळी आहे.

त्यासाठी १९१५ या हेल्पलाईनला फोन करा, मराठीत पण बोलता येतं आणि कन्नडमध्ये पण. बरीच कामं तिथेच मार्गी लागतात. नाहीतर बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार द्या. विकणारा सुरतेत असो की कुठेही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात केस करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत २ वर्षांची. ऑनलाईन विक्रीच्या २०२० च्या नियमात सरळ लिहिलंय की जाहिरातीत सांगितल्यासारखा माल नसला तर विकणाऱ्याला तो परत घ्यायला नाही म्हणता येत नाही, फोनवर हेच वाक्य सांगा. आणि पुढच्या वेळी रेशीम घेताना सिल्क मार्कचं, म्हणजे शुद्ध रेशमाची खूण असलेलं लेबल मागा.

आमचे वडगावला यंत्रमाग आहेत. भाऊ म्हणतोय एका फेमस मुलीला साडी नेसवून रील करूया. ती पैसे मागते, शिवाय हातमागाची साडी म्हणूया म्हणते, जास्त खपते म्हणे. करावं का? (वडगाव, बेळगाव)

रील करा, हातमाग अजिबात म्हणू नका. यंत्रमागाच्या साडीला हातमाग म्हणून विकणं म्हणजे गिऱ्हाईकाला फसवणं, आणि हातावर विणणाऱ्या आपल्याच गल्लीतल्या माणसाच्या पोटावर पाय देणं. वरच्या पत्रातला कायदा तुम्हालाही लागतो. तुमच्या मालात लाज वाटण्यासारखं काय आहे? रंग जात नाही, रेट परवडतो, रोज नेसता येते, हे बोला.

त्या मुलीचा उपयोग नाही असं नाही, पण चेहरा फार चमकला की बघणाऱ्याला चेहराच आठवतो आणि साडी कुणाची ते विसरून जातं. म्हणून निम्म्याहून जास्त वेळ साडीच दिसू द्या, माग चालताना, पदर उन्हात धरून, काठ जवळून. तुमच्या आई नेसून उभ्या राहायला तयार असतील तर त्यांना पण घ्या. किंमत, पोस्टेज आणि परत घ्यायचा नियम लिहूनच टाका, दहा जण तेच विचारतात. मुलीला पैसे किंवा फुकट साडी दिलीत तर रीलवर जाहिरात असा शब्द ठळक दिसला पाहिजे, हॅशटॅगच्या ढिगात लपवलेला चालत नाही. रील मराठीत तर तो शब्द मराठीत, आणि धारवाड-हुबळीच्या गिऱ्हाईकांसाठी कन्नडमध्ये वेगळं रील केलंत तर त्यावर कन्नडमध्ये.