पाळकाच्या घरातली पाचवी मुलगी

प्रश्न : मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारात रुडयार्ड किपलिंगचा जन्म झाला, हे माहीत होतं. पण त्याचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, इंग्लंडमध्ये मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे पाळक होते आणि त्यांच्या चार मुलींपैकी एक किपलिंगची आई, एक ब्रिटनच्या पंतप्रधानाची आई आणि दोघी नामवंत चित्रकारांच्या पत्नी, हे नुकतंच कळलं. एका साध्या पाळकाच्या घरात हे कसं घडलं?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : तुमच्या प्रश्नात एक मुलगी राहून गेली. मोठ्या झालेल्या मुली चार नव्हेत, पाच होत्या. जिथे तिथे चौघींचीच गोष्ट सांगतात, त्यामुळे यात तुमची काही चूक नाही. पण एडिथला वगळून त्या घराबद्दल बोलणं मला पटत नाही. तिच्याकडे येतेच.

मी स्वतः मेथडिस्ट पाळकाची मुलगी. वर्षातून एकदा वडील कॉन्फरन्सला, म्हणजे पाळकांच्या वार्षिक सभेला जायचे. शेवटच्या दिवशी बिशप नेमणुका वाचून दाखवायचे आणि वडील परत आले की आम्हाला कळायचं, यंदा इथेच की बिऱ्हाड हलवायचं. ते येईपर्यंत आई लोणच्याची नवी बरणी भरायची नाही. पार्सोनेजमधलं, म्हणजे पाळकाला मिळणाऱ्या घरातलं, टेबल, कपाट, खाटा सगळं चर्चच्या मंडळीचं. आमची म्हणजे भांडी, अंथरुणं आणि पुस्तकांच्या दोन ट्रंका. कुठल्या ट्रंकेत काय आहे, ते आई झाकणाच्या आतून खडूनं लिहून ठेवायची. किपलिंगचे हे आजोबा, जॉर्ज ब्राउन मॅकडोनल्ड, यांच्या घराविषयी वाचताना मला ती खडूची अक्षरं दिसत राहतात.

जॉर्ज यांचा जन्म 1805 चा. त्यांचे वडील जेम्स हेही मेथडिस्ट पाळक. एक मुख्य गाव आणि आसपासची चॅपल्स मिळून एक सर्किट, आणि त्या काळच्या वेस्लियन (त्यांच्या मेथडिस्ट शाखेच्या) नियमानुसार एका सर्किटमध्ये तीन वर्षांहून जास्त राहता येत नसे. घर सर्किटचं, घरातलं सामानही सर्किटचं. मुलींची जन्मगावं पाहिली तरी बदल्या कळतात : अ‍ॅलिस शेफील्डची, जॉर्जियाना बर्मिंगहॅमची, लुईझा वेकफील्डची. वडील प्रवचनांसाठी सतत फिरतीवर. मागे घर सांभाळायची त्यांची पत्नी हॅना, मँचेस्टरच्या एका किराणा व्यापाऱ्याची लेक. तिला 11 मुलं झाली. तिघं अगदी लहानपणीच गेली आणि कॅरोलाइन ही मुलगी कोवळ्या वयातच, 1854 साली, क्षयानं गेली. गाव बदलायचं म्हणजे त्या आईनं मागे काय काय ठेवलं असेल, हे मला सांगायला नको. माझा एक भाऊ पुणतांब्याला पुरलेला आहे आणि त्यानंतर आमच्या दोन बदल्या झाल्या.

आता तुमच्या ‘कसं घडलं’चं उत्तर. लोक म्हणतात दैव. मी म्हणेन बदली. बर्मिंगहॅमची नेमणूक झाली म्हणून थोरला मुलगा हॅरी तिथल्या किंग एडवर्ड्स शाळेत गेला. तिथला त्याचा शाळासोबती, पुढे चित्रकार म्हणून नावाजलेला एडवर्ड बर्न-जोन्स घरी येऊ लागला. 1856 च्या जूनमध्ये जॉर्जियानाचं त्याच्याशी लग्न ठरलं, तेव्हा तिला सोळावं पुरं व्हायलाही महिना-दीड महिना बाकी होता. चार वर्षांनी मँचेस्टरमध्ये लग्न झालं. दुसरा मुलगा फ्रेडरिक वडिलांसारखाच पाळक झाला (पुढे 1899 मध्ये वेस्लियन कॉन्फरन्सचा अध्यक्ष). त्याची नेमणूक बर्सलेमला होती म्हणून त्याच्या ओळखीतून 1863 साली रुडयार्ड तळ्याकाठच्या सहलीत अ‍ॅलिसला जॉन लॉकवुड किपलिंग भेटला. तोही मेथडिस्ट पाळकाचाच मुलगा! मुलाचं ‘रुडयार्ड’ हे नाव त्या तळ्याचं. अ‍ॅग्नेस आणि लुईझा यांची लग्नं तर एकाच दिवशी, 9 ऑगस्ट 1866 ला, वूल्व्हरहॅम्प्टनमध्ये लागली : अ‍ॅग्नेसचं चित्रकार एडवर्ड पॉइंटरशी, लुईझाचं लोखंडाच्या कारखानदारीतल्या आल्फ्रेड बाल्डविनशी. पंतप्रधान स्टॅन्ली बाल्डविन हा लुईझाचा मुलगा. जॉर्ज 1868 मध्ये वारले. पॉइंटर रॉयल अकादमीचा अध्यक्ष झाला, नातवाला, रुडयार्डला, 1907 चं नोबेल मिळालं, यातलं त्यांनी काहीच पाहिलं नाही.

अ‍ॅलिस 1865 साली लग्न झाल्यावर लगेच मुंबईला आली आणि 30 डिसेंबरला इथे रुडयार्ड जन्मला. लॉकवुड जे. जे. मध्ये शिल्पकला शिकवायचा. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शेतकऱ्यांची शिल्पं त्याचीच. मात्र जे. जे. च्या आवारातलं आजचं हिरवं लाकडी घर नंतरचं आहे, जन्म झाला ते घर पाडलं गेलं. एक गोष्ट मला अजून सलते. 1871 मध्ये अ‍ॅलिसनं पाच वर्षांचा रुडयार्ड आणि त्याची तीन वर्षांची बहीण ट्रिक्स यांना इंग्लंडात साउथसीला, सख्ख्या मावश्या त्याच देशात असताना, परक्या माणसांकडे ठेवलं आणि ती हिंदुस्थानात परतली. जवळजवळ सहा वर्षं रुडयार्ड तिथे होता. नाताळात तो जॉर्जीमावशीकडे फुलमला जाई, तेवढाच त्याचा विसावा. दर तीन वर्षांनी घर सोडायची सवय झालेल्या मुलीला लेकरांची ताटातूटही निभावेल असं वाटलं असेल का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

आणि एडिथ. 1848 चा जन्म, मोठ्या झालेल्या बहिणींमध्ये सगळ्यात धाकटी. तिनं लग्न केलं नाही. वडिलांमागे ती आईबरोबर राहिली. हॅना 1875 मध्ये गेली. मग लुईझाच्या घरी विल्डनला तिनं आयुष्य काढलं. बहिणींच्या नवऱ्यांची नि मुलांची चरित्रं इतरांनी लिहिली. आईवडिलांच्या, सोडलेल्या घरांच्या आणि लहानपणी गेलेल्या भावंडांच्या आठवणी एडिथनं लिहून ठेवल्या, तेव्हा ती सत्तरी ओलांडलेली होती. आमच्या ट्रंकांची झाकणं आता गंजली आहेत, पण आईचं अक्षर एका झाकणावर अजून वाचता येतं : ‘बायबल, गीतपुस्तकं, बाळाचं झबलं’.