तीन पत्तीची सवय आधी उतरव

दिवाळीतल्या तीन पत्तीवरून होल्डेमकडे (पोकरच्या एका प्रकाराकडे) वळतोयस, तर एक ध्यानात ठेव: तिथे सिक्वेन्स कलरला मारतो, इथे उलट. ब्लाइंडची, म्हणजे पानं न बघता खेळायची, मर्दुमकीही घरीच ठेव.

फ्लॉपवर (टेबलावर पहिली तीन पानं उघडल्यावर) हातातली धरून चार बदाम जुळले की हात शिवशिवतात. पण पाचवं बदाम पुढच्याच पानावर यायची शक्यता साधारण 19 टक्के. पॉटमध्ये (मधे जमलेल्या पैशांत) 200, त्यावर समोरच्याने आणखी 100 लावले. तुला 100 भरायला (एकूण 400 मधले तुझे 100) निदान 25 टक्के शक्यता हवी. गुमान पॅक कर. (बदाम लागल्यावर त्याच्याकडून आणखी वसुली होणार असेल तर गोष्ट वेगळी.)

खरी कसोटी हरल्यावर. दोन एक्के दोन राजांसमोरही साधारण पाचातून एकदा हरतात. त्या चिडीत मी कित्येकदा पुढचाच डाव फालतू पानांवर ताणलाय. आता सरळ उठतो, चहा घेतो.