खाद्यपदार्थाचं पेटंट 'ऑब्व्हियस आहे', म्हणजे कुणालाही सुचेल असं आहे, म्हणून नाकारलं, अपिलात काही होतं का?

होतं, पण अपिलात नवीन चव घेऊन जाता येत नाही, फाइलीत जे आहे त्यावरच भांडावं लागतं.

मी पुण्यात एका छोट्या कंपनीत आर अँड डीला होतो तेव्हा झटपट आंबिलाचं मिक्स केलं होतं, नाचणीचं पीठ, ताकाची पावडर आणि किंचित मेथी, उकळत्या पाण्यात टाकलं तरी गुठळी नाही आणि तासभर ठेवलं तरी खाली साका बसत नाही. आठ महिने गेले त्यात. पेटंट ऑफिसच्या एक्झामिनरने दोन जुने कागद काढले, एकात नाचणीचं पेय, दुसऱ्यात मेथीने दाटपणा येतो, म्हणे हे एकत्र करणं कुणालाही सुचेल. वर पेटंट कायद्याचं कलम ३(ई), म्हणजे नुसती सरमिसळ, तिला पेटंट नाही.

सुचेल वगैरेवर लढता आलं असतं. सुप्रीम कोर्टाने १९७८ लाच भांडी बनवायच्या लेथच्या केसमध्ये कसोटी दिलीय, तुमचं उत्तर माहीत नसलेल्या कारागिराला जुना कागद दिला तर त्याला तोडगा सापडला असता का (त्या केसमध्ये पेटंट पडलं, ते वेगळं). आणि दिल्ली हायकोर्टाने २०२२ मध्ये ॲग्रीबोर्ड प्रकरणात सांगितलं की नुसतं ऑब्व्हियस लिहून भागत नाही, जुनं काय, तुमचं काय आणि तिथून इथे कसं पोचायचं हे ऑर्डरमध्ये यायला हवं. तुमच्या ऑर्डरमध्ये हे नसेल तर तिथेच धरा.

आमचा घात ३(ई)ने केला. नुसती मेथी घालून किती साका, नुसतं ताक घालून किती, दोन्ही घालून किती, हा तक्ताच अर्जात नव्हता. मी साहेबांना फाइल करायच्या आधी म्हणालो होतो, दोन दिवस द्या, ट्रायल घेतो. तर म्हणे पेटंट ऑफिसला थीसिस द्यायचाय का! दोन दिवसांचं काम हो. नंतर हिअरिंगला आमचा पेटंट एजंट 'सिनर्जी, सिनर्जी' (म्हणजे दोन्ही एकत्र आले की वेगवेगळ्यांच्या बेरजेपेक्षा जास्त परिणाम) करत बसला, आकडा एक नाही.

म्हणून सांगतो, खाण्याच्या पदार्थात प्रत्येक घटक वेगळा काढून ट्रायल घ्या, तेही अर्जाच्या आधी. मागाहून दिलेला डेटा मानतीलच असं नाही.

आता, मी पेटंट एजंट नाही, ऑर्डर वकिलाला दाखवा. अपिलाची मुदत ३ महिन्यांची असते, आणि २०२१ मध्ये अपिलाचं बोर्ड बंद झाल्यापासून थेट हायकोर्ट, म्हणजे खर्च आला. आमच्या साहेबांनी त्याच खर्चाला नाही म्हटलं. अजून भेटले की म्हणतात, एजंट चांगला असता तर मिळालं असतं.

नसतं मिळालं.