मावशी, दिवसाला होते किती?

चि. बाळास,

तुझं पत्र आलं त्या दिवशीच उत्तर लिहायला बसले होते, पण राग होता म्हणून पेन खाली ठेवलं. आज सकाळपासून पाऊस उघडलेला नाही, लाइट गेलेली आहे आणि राग थोडा उतरलाय. थोडाच.

तू विचारलंस, "सिस्टर, मी बोलायला हवं होतं का?"

हो, हवं होतं. त्यावर आणखी पान खर्च करत नाही, कारण हे उत्तर तुला पत्र टाकायच्या आधीच ठाऊक होतं. मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. तू चार पानं लिहिलीस. खानापूरकडच्या त्या डायलिसिसवरच्या मावशींचं वजन लिहिलंस, ड्राय वेट म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं वजन लिहिलंस, बीपी, मशीनचा फ्लो, सुया टोचायची जोडलेली शीर, तो फिस्टुला, कुठल्या हाताला हेही लिहिलंस. अंगात कणकण नाही, जळजळ नाही, ओटीपोटात दुखत नाही, नुसता थकवा होता, म्हणून मुलानं तिकडे पलीकडच्या एका दवाखान्यात नेलं. तिथं लघवी तपासली, रिपोर्टात 'पस सेल्स प्लेंटी', म्हणजे पूच्या पेशी भरपूर, असं आलं, आणि सेफेपीम या अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिवसातून दोनदा सुरू झालं. चौथ्या दिवशी त्या तुझ्या खुर्चीवर आल्या तेव्हा हात झटके देत होते आणि तुला त्या आपल्या वारलेल्या भावाच्या नावानं हाका मारत होत्या. पिशवीतली चिठ्ठी तू वाचलीस. किडनी फेल असलेल्याला हे औषध कमी करून द्यायचं असतं, नाहीतर ते रक्तात साठून डोक्यावर जातं, हे तू शिकलेला. तरी सुया लावल्यास आणि गप्प बसलास. दोन दिवसांनी डॉक्टर आले, त्यांनी बघितलं, औषध थांबवलं, दोन डायलिसिसनंतर बाई शुद्धीवर आल्या. नशीब त्यांचं.

पण या चार पानांत एक आकडा नाही. त्या मावशींना दिवसाला लघवी किती होते?

आठ महिने आठवड्यातून दोनदा चार-चार तास ती बाई तुझ्यासमोर पडून असते. तू एकदाही विचारलं नाहीस. आता लाज वाटतेय ना? वाटू दे.

हा माझा हट्ट आहे, वॉर्डात मला त्यावरून 'लघवी सिस्टर' म्हणायचे, पाठीमागे आणि पुढे पुढे तोंडावरसुद्धा. म्हणोत. डायलिसिसच्या माणसाला लघवीचा संसर्ग झालाय की नाही, या प्रश्नाच्या दारातच 'किती होते' हा प्रश्न बसलेला आहे. त्याला ओलांडून आत जाता येत नाही.

तूच बघ. आपल्यासारख्या धडधाकट माणसाला दिवसाला दीड लिटर होते. जंतू मूत्राशयात शिरले तरी धार त्यांना वाहून नेते. ज्याला दिवसाला पेलाभर होते त्याची लघवी आत तासन् तास साचून राहते, डबक्यासारखी. त्यात पेशी सुटतात, चिकटा साठतो, पस सेल्स दिसतात, जंतूही दिसतात, आणि तरी पुष्कळदा संसर्ग नसतो! नुसत्या पस सेल्सवर डायलिसिसच्या माणसाला अँटिबायोटिक द्यायला लागलास तर निम्मा वॉर्ड कायम इंजेक्शनवर राहील. ताप, जळजळ, ओटीपोटात दुखणं, कंबरेला कळ, नवीन आलेलं गढूळपण, यातलं काही आहे का ते आधी. आणि कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी, पहिल्या डोसच्या आधी. डोस देऊन मग कल्चर पाठवणं म्हणजे चोराला पळवून लावून पंचनामा करणं.

कल्चरात एका मिलीलिटरला एक लाख जंतू ही संसर्ग म्हणायची जी रेषा आपण पाठ केली, ती अमेरिकेतल्या एडवर्ड कास यांनी १९५०च्या दशकात आखली. कायमच्या डायलिसिसवर जगणारा माणूस तेव्हा जगात नव्हताच, ते १९६० नंतरचं. वीस मिली लघवी होणाऱ्या माणसाकडून 'मधल्या धारेचा' नमुना कुठून आणणार? त्याला धारच नसते. त्रास खरा असेल तर डॉक्टर नळीनं नमुना घेतात, आणि आकडा लाखाच्या खाली आला तरी त्याचा विचार करतात. नमुना दोन तासांत लॅबला पोचला पाहिजे, नाहीतर फ्रिजमध्ये. खानापूरच्या बसमधून उन्हात हिंदकळत आलेल्या बाटलीत जे उगवतं ते बसमध्ये उगवलेलं असतं.

आता औषध. लघवीच्या संसर्गाची ती नेहमीची पिवळी गोळी, नायट्रोफ्युरँटॉइन. ती किडनीतून गाळून लघवीत उतरली तरच काम करते. जिथं किडनीच काम करत नाही तिथं ती मूत्राशयापर्यंत पोचत नाही, रक्तात राहते आणि पायाच्या नसांवर जाते, तळव्यांना मुंग्या. पुन्हा तोच प्रश्न आला की नाही, किती होते? जेंटामायसिन, अमिकासिनचं तेच. ज्याला अजून तीनशे-चारशे मिली होते त्याची ती शिल्लक किडनी म्हणजे घरातलं शेवटचं सोनं. चार दिवसांच्या इंजेक्शनात गहाण टाकायची नाही, शिवाय कानही जातात. सिप्रोफ्लॉक्सासिन देतात, पण फॉस्फरस कमी करायच्या आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर पोटातच बांधली जाते, अंगी लागत नाही. आणि पुष्कळ औषधं मशीन धुऊन नेतं, म्हणून डायलिसिसच्या दिवशी डोस डायलिसिसनंतर. हे तुला येतं. तरी लिहिते, कारण तुला सेफेपीमचंही येत होतं.

आपल्या बेळगावकडच्या सीमाभागात अजून एक घोळ आहे, तो पुस्तकात सापडणार नाही. लघवीला जळजळ झाली की आपली माणसं म्हणतात 'उन्हाळी लागलीय'. दावणगेरेहून नवीन आलेले एक डॉक्टर भर जुलैत ते ऐकून खिडकीबाहेरच्या पावसाकडे बघत राहिले होते. मी कन्नडमध्ये म्हटलं, "सर, उरिमूत्र." तेव्हा कुठं लिहून घेतलं. केसपेपर एका भाषेत, डिस्चार्ज दुसऱ्या, पेशंट तिसऱ्याच भाषेत कण्हतोय; मधला पूल तूच आहेस, दुसरं कोणी नाही. सरकारांचं काय, महाराष्ट्रानं डिसेंबर २०२२च्या ठरावात कर्नाटकातली आपली ८६५ मराठी गावं आम्हाला हवीत म्हणून मोजली. गावं मोजून झाली. त्या गावातल्या माणसाला लघवी किती होते ते मोजायला मात्र कुठलंच सरकार येणार नाही, तूच मोजायचीस.

आणि उन्हाळीवर घरचा उपाय काय? नारळपाणी, धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, 'भरपूर पाणी प्या'. उचगावकडच्या एका काकांची बहीण रोज दोन शहाळी घेऊन यायची, मायेनं. तिसऱ्या दिवशी काकांना उचलून आणलं, शहाळ्यातलं पोटॅशियम किडनीविना बाहेर पडत नाही, ते सातच्या वर गेलेलं, ईसीजी बघून डॉक्टर पळत मशीनकडे आले. वाचले. बहीण दारात उभी राहून म्हणत होती, "पाणीच पाजलं की हो सिस्टर, विष न्हवं!" तिला काय सांगणार? आपण कधी सांगितलं होतं? वॉर्डाचा साधा हिशेब आहे, कालची लघवी अधिक अर्धा लिटर, तेवढं आजचं पाणी. कालचा आकडाच नसेल तर आजचा पेला कशाच्या हिशेबानं भरायचा? औषधाच्या दुकानात जळजळीवर न विचारता मिळणारं ते गोड सिरपही तसंच. काहींत पोटॅशियम सायट्रेट असतं, काहींत सोडियम. दोन्ही या माणसांना नको.

तू म्हणशील सिस्टर फार शहाणपणा सांगतायत. तर ऐक, हे मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही.

जांबोटीकडचे एक गुळव्या होते, गुऱ्हाळावर गूळ करणारे. तीन वर्षं लघवी पूर्ण बंद. कागदावर कुणीतरी तीन वर्षांपूर्वी 'लघवी होत नाही' लिहिलं होतं, तेच पुढच्या प्रत्येक कागदावर उतरत गेलं, मीही उतरवत होते. त्यांना ताप यायला लागला. येई, जाई. फिस्टुला बघितला, छातीचा फोटो काढला, मलेरिया बघितला. लघवीच नाही तर लघवीचा संसर्ग कुठून, म्हणून तिकडे कुणी बघितलंच नाही. त्यांची बायको एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, धोतराला पिवळं लागतंय, वासबी मारतोय." मी मशीनचा अलार्म बंद करत होते. म्हटलं, "वय झालं मावशी, होतं तसं." सहाव्या दिवशी एका नव्या डॉक्टरांनी बेंबीखाली दाबलं, गुळव्या किंचाळले. नळी घातली, तर दाट ताकासारखा पू, भांडंभर. वापरात नसलेलं मूत्राशय आतल्या आत सडलं होतं. धुतलं, औषधं दिली, उशीर झाला होता. दोन दिवसांनी गेले.

त्या दिवसांत चौदा पेशंट आणि दोघी सिस्टर, एक मशीन बिघडलेलं, दुसरी सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर जायच्या बेतात. मी हे तुला का सांगतेय? स्वतःला सोडवायला. अजून जमलेलं नाही. तिच्या एका वाक्यात अख्खं निदान होतं आणि मी ते वयावर ढकललं. त्या दिवसापासून ज्याला होत नाही त्यालाही मी दर महिन्याला विचारते. विचारायचे, म्हणजे. रिटायर झाले हे अजून जिभेला कळलेलं नाही.

आता तुझं ते 'मी टेक्निशियन, मी कोण बोलणार'. एका डॉक्टरांना मी म्हटलं होतं, "सर, ही गोळी यांना चालणार नाही." सगळ्यांसमोर उत्तर मिळालं, "सिस्टर, तुम्ही मशीन बघा." घरी येऊन जेवले नाही. आठवडाभर तोंड फुगवून होते. मग माझं मला कळलं की मी त्यांना माझं मत सांगितलं होतं, आणि मतावर मत पडलं की मोठ्या खुर्चीचं जिंकतं. त्यानंतर मी मत दिलंच नाही. म्हणायचे, "सर, यांना दिवसाला साठ मिली होते. हीच गोळी चालू ठेवायची ना?" साठ मिलीला काय उत्तर देणार? बहुतेक वेळा पेन परत कागदावर यायचं. न आलं तर मी आकडा, तारीख आणि वेळ लिहून ठेवायचे. हा धूर्तपणा आहे का? असेल. पण तुझ्या त्या मावशींच्या वेळी 'दिवसाला इतके मिली, हात झटके देतायत, चिठ्ठीवर हे औषध दोन वेळा' एवढे तीनच तुकडे फोनवर डॉक्टरांना सांगितले असतेस, तर 'मी कोण' हा प्रश्न उरला नसता. अंदाज सांगायचा नाही, निदान तर नाहीच. आकडा सांग.

ताप असला आणि मानेत डायलिसिसची नळी असली तर मात्र लघवीच्या मागे लागू नकोस, आधी नळी. हे मी स्वतःलाही बजावत असते, कारण माझ्या हट्टापायी एकदा मी सगळ्यांना लघवीकडे बघायला लावलं होतं आणि पू नळीच्या तोंडाशी होता. सावरलं. माझा हट्ट बरोबरच आहे, फक्त तो एकटा पुरत नाही, इतकंच.

तू लिहिलंस की बायका तुला सांगायला लाजतात आणि तुला विचारायला संकोच वाटतो. वाटणारच, तू पोरसवदा, त्या आईच्या वयाच्या. 'युरिन आउटपुट किती' असं विचारशील तर "हाय की बरं" एवढंच उत्तर येईल. सुया लावून झाल्यावर, पडदा ओढून, बीपीचा पट्टा बांधता बांधता हळूच विचार, "मावशी, सकाळधरनं किती वेळा जाऊन आलासा? पेलाभर हुतंय का चमचाभर?" कन्नड बाई असेल तर "एष्ट आगतैती?" म्हण. पेला, वाटी, चमचा, या मापात बायका पटकन सांगतात. डोळे पट्ट्यावर ठेव, त्यांच्या तोंडाकडे बघू नकोस. निपाणीच्या बिडीवाल्या बायका तर आयुष्यभर लघवी दाबून बसायला शिकलेल्या. त्यांना हे कुणी विचारलंय यावरच आधी विश्वास बसत नाही. एक जण रडली होती.

साखरवाल्यांना नीट सुटत नाही, म्हाताऱ्या पुरुषांना प्रोस्टेट असतं. तिथं 'किती होते'च्या जोडीला 'करून आल्यावर मोकळं वाटतं का' हेही विचार. बाकी डॉक्टर बघतील.

मंगळवारी त्या मावशींची शिफ्ट असेल. जे आलं ते मला कळव. मिलीत. 'ठीक आहे' लिहिलंस तर उत्तर देणार नाही.

तुझी,
सिस्टर

ता. क. मोजायचं भांडं विकत घेऊ नको. लिटरची पाण्याची रिकामी बाटली घे, पन्नासच्या सिरिंजनं पाणी घालत जा, प्रत्येक पन्नासला मार्करनं रेघ मार, वर चिकटपट्टी लाव म्हणजे रेघ पुसत नाही. पेशंटचं नाव लिहू नको, खुर्चीचा नंबर लिही. नाव दिसलं की बायका बाटली घरी नेत नाहीत.