वाचकांचे प्रश्न : ग्लासगोचा धर्मादाय चषक

प्रश्न : ग्लासगो शहरात धर्मादाय मदतीसाठी खेळला जाणारा फुटबॉलचा चषक बंद का पडला?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आपला रोख ग्लासगो मर्चंट्स चॅरिटी कपकडे दिसतो. या चषकासाठी १८७७ पासून ग्लासगो व आसपासचे संघ दरवर्षी बाद पद्धतीने खेळत आणि जमलेला पैसा स्थानिक धर्मादाय संस्थांना वाटला जाई. पहिला मान क्वीन्स पार्क या हौशी संघाने मिळवला. पुढे देशपातळीवरचा स्कॉटिश लीग कप आणि १९५५ पासून युरोपातील देशोदेशींच्या क्लबांचा युरोपियन कप सुरू झाल्यावर शहरापुरत्या सामन्यांची ओढ ओसरली असावी, असे आम्हाला वाटते. क्लबांची स्पर्धा १९६१ मध्ये थांबली. त्यानंतर ग्लासगोचा निवडक संघ आणि इंग्लंडमधील एखादा पाहुणा संघ यांच्यातील वार्षिक सामना तेवढा १९६६ पर्यंत चालू राहिला.