सहीपुरती बाई?

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावची सरपंच. पोरगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. तिच्या पुस्तकात ‘अरब जगतातील पहिल्या महिला पंतप्रधान – नजला बूदन, ट्युनिशिया’ एवढी एकच ओळ आहे. या बाई कोण? त्यांच्या हाती खरंच कारभार होता का? आमच्याकडे लोक बाईला सहीपुरतीच समजतात.

उत्तर : ताई, तुमचं शेवटचं वाक्य मनाला लागलं. मी ग्रामपंचायत सदस्य होते तेव्हा प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेचे ठराव लिहायची वही, शिपाई घरीच आणायचा. पराटी निंदून यायचं, हात धुवायचे, सही करायची. सभा झाली कधी, हे विचारायला मला दोन वर्षं लागली.

बूदनबाईंचा जन्म १९५८चा, कैरुआन या जुन्या शहरातला. त्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापक, ट्युनिसच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी संस्थेत शिकवायच्या. पुढे उच्च शिक्षण खात्यात जागतिक बँकेच्या प्रकल्पांचं काम पाहिलं. राजकारणात त्यांचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. पण त्यांचा देश बाईच्या बाबतीत मागासलेला समजू नका. १९५६ साली स्वातंत्र्य मिळालं, त्याच वर्षी तिथे एकाहून जास्त बायका करण्यावर कायद्याने बंदी आली.

आता कारभाराचं. २५ जुलै २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी आधीच्या पंतप्रधानांना काढलं आणि संसद गोठवली. सप्टेंबरात हुकूम काढला : सरकार यापुढे राष्ट्राध्यक्षांनाच जबाबदार. आठवडाभरात, २९ सप्टेंबरला, बूदनबाईंची नेमणूक झाली. खुर्ची मिळाली ती अशी, आधीच पाय कापलेली. त्यांच्या सरकारने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी १९० कोटी डॉलरच्या कर्जाची प्राथमिक बोलणी पक्की केली, तर सईद यांनी त्या कर्जाच्या अटी जाहीरपणे झिडकारल्या. २०२३च्या उन्हाळ्यात पावासाठी रांगा लागल्या, आणि १ ऑगस्टच्या रात्री निवेदन आलं, बाईंना पदावरून दूर केलं. कारण सांगितलंच नाही. त्यांच्या जागी आलेले अहमद हशानी हे पुरुष. त्यांनाही साधारण वर्षभराने तसंच काढलं. म्हणून मला वाटतं, दोष बाईपणाचा नव्हता. सगळा अधिकारच एका माणसाच्या मुठीत होता.

तुमचं तसं नाही, ताई. तुम्हाला हटवायचं तर सदस्यांना अविश्वास ठराव आणावा लागतो, तुम्ही थेट निवडून आल्या असाल तर ग्रामसभेचीही मंजुरी लागते. एका देशाच्या पंतप्रधानाला जे संरक्षण नव्हतं, ते तुमच्यापाशी आहे. लोक काहीही समजोत.

प्रोसिडिंग घरी आलं तर शिपायाला चहा पाजा आणि बुकासकट परत पाठवा. सही सभेत बसूनच करा, आधी ठराव मोठ्याने वाचायला लावून.